आषाढ संपेपर्यंत थांब

पुणे, २० जून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं त्या बंगल्यांच्या प्रकल्पाचं माहितीपत्रक दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बाबांना मोठ्याने. गेटवर चोवीस तास पहारा, आत क्लबहाऊस, पोहायचा तलाव आणि प्रत्येक बंगल्याला ‘लेक व्ह्यू’. तो लेक म्हणजे आपलं मुळशीचं धरण. माझ्या आजीचं माहेर त्याच्या तळाशी आहे, हे तुला कधी सांगितलं होतं का? १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. सेनापती बापटांना लांबून पाहिल्याचं सांगायची. सत्याग्रह मोडला, पाणी चढलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती दिसतात असं तिला कुणी कुणी येऊन सांगत, पण ती बघायला काही गेली नाही. तुला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. त्या खोऱ्यात घर म्हटलं की मला आधी तीच आठवते, एवढंच.

आता कामाचं. दुय्यम निबंधक कार्यालयात माझी एकतीस वर्षं गेली. लोक पेढे घेऊन यायचे, ‘मॅडम, रजिस्ट्रेशन झालं, आता चिंता मिटली.’ अमक्याने तमक्याला लिहून दिलं याची ती नोंद. देणाऱ्याला मुळात हक्क होता का, हे शोधत बसणं आमच्या टेबलाचं काम नव्हतं. आणि हे रोज बघणाऱ्या मीच १९९६ साली बाबांच्या हौसेपायी डोंगरावरच्या दोन गुंठ्यांना पैसे मोजले. सातबारा सामाईक, त्यावर एकवीस नावं, मोजणी नाही, आपले दोन गुंठे नेमके कुठले ते आजही कुणी दाखवू शकत नाही. तिथल्या क्लबहाऊसचं जोतं तेवढं झालं होतं, त्यावर आता कुणाच्या तरी म्हशी बांधलेल्या असतात. बाबा अजून त्याला ‘आपलं महाबळेश्वर’ म्हणतात.

तुमचं प्रकरण इतकं कच्चं नाही, हे मान्य. महारेराचा नंबर खरा आहे, जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालेली आहे. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणाली असतीस तर तिथेच विषय संपवला असता. आपल्या घरात कुणी शेतकरी नाही आणि आपल्याकडे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला अशी सरळ घेता येत नाही. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांच्या वर पैसे मागितले तर देऊ नका, ते कायद्यातच बसत नाही. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट त्यांच्या वकिलाचा नको, आपल्या वकिलाकडून करून घे. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, मी स्वतः वाचीन, ती माझी करमणूक आहे.

माझं घोडं अडलंय ते गेटपाशी. बंगला तुमच्या नावावर होईल. पण गेटपासून बंगल्यापर्यंतचा चढाचा रस्ता, पाण्याची टाकी, पंप, सांडपाण्याचा प्लँट, डोंगर धरून ठेवणारी भिंत, हे सगळं कुणाच्या नावावर? तू पाठवलेल्या मसुद्यात आहे ते, पान सव्वीसवर, बारीक अक्षरात. संपूर्ण लेआउटमधल्या शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की मग हे रहिवाशांच्या संघाला हस्तांतरित होणार. टप्पे चार आहेत आणि आत्ता कुठे दुसरा चालू आहे. चौथा झालाच नाही तर? शेजारच्या मोसे खोऱ्यात लवासा हे अख्खं खासगी शहर उभं राहिलं तेव्हा आमच्या ऑफिसातही लोक कौतुकाने बोलत. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, काम अडलं, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचं हे होऊ शकतं. शहरात रस्ता खचला तर निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता येतं. तिथे ओरडायचं कुणाकडे, हे आधी लिहून घे. क्लबहाऊसची मालकी तर कायम विकासकाकडेच राहणार आहे, तुम्हाला फक्त सभासदत्व. मेंटेनन्स दर वर्षी किती वाढवायचा हेही तोच ठरवणार.

आणि तुम्ही ती जागा बघितलीत जानेवारीत. जानेवारीत मुळशीत कुणीही प्रेमात पडेल. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्याच ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याला अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो. त्याच दिवशी इकडे एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं, ते तुला आठवत असेल. असा पाऊस कापलेल्या डोंगरावर पडतो तेव्हा काय होतं ते माळीणला दिसलं, ३० जुलै २०१४ ला, आपल्याच जिल्ह्यात. दरड गावावर आली, दीडशेच्या वर माणसं गेली. तुमच्या फोटोत बंगल्यांच्या मागे जेसीबीने उभा कापलेला लाल कडा दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला काय आहे? झाडं सरळ उभी आहेत की खाली कललीत? भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवलीत का आणि त्यातून पाणी खरंच येतंय का? भर पावसातही कोरडी दिसली तर समज, पाणी बहुधा भिंतीच्या मागे साठतंय.

गंमत म्हणजे एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. खाली सगळा कातळ, पाणी मुरत नाही, वाहून जातं. तो प्रश्न सेल्सवाल्याला विचारू नकोस, त्याच्याकडे उत्तर पाठ असतं. गेटवरच्या वॉचमनला चहा पाज आणि विचार. तो बहुधा तिथल्याच एखाद्या वाडीतला असेल, त्याच्या घरी पाणी कुठून येतं तेही विचार.

तू म्हणतेस या महिनाअखेर टोकन दिलं नाही तर भाव वाढणार. त्या सेल्सच्या मुलाला सांग, आमच्याकडे आषाढात घराचे व्यवहार करत नाहीत, आई फार जुन्या वळणाची आहे. माझं नाव बिनधास्त पुढे कर. महिनाभर मिळेल. जुलैत चांगली झड लागली की एका रविवारी आपण तिघं-चौघं जाऊ. बाबांचा रेनकोट फाटलाय, येताना एक घेऊन ये. दशम्या आणि चटणी मी करीन.

तुझी,
आई