साऊंडवाल्या दादांना सगळ्यांसमोर एक थँक्यू

दादा, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "सोड की ते" म्हणून विषय बदलता, पैशाचं नाव काढलं तर फोनच ठेवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय. आता बदला विषय.

काकांचा संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ घरीच नीट रेकॉर्ड करायचा अन त्याला कॉम्प्युटर लागतो, माझं ज्ञान एवढंच. बजेट 40 हजार, स्क्रीन धरून. दुकानात गेलो तर त्यांनी डायरेक्ट लाईटा लुकलुकणारं कॅबिनेट अन ग्राफिक्स कार्डच पुढं मांडलं, म्हणे सगळी पोरं हेच नेतात. तुम्ही मात्र एकाही पार्टचं नाव न घेता विचारलं, एका टायमाला माईक किती, वाजवणाऱ्याला कानात आवाज लागतो का, अन घर पत्र्याचं का माळवदाचं? मी म्हणलं ह्यांना कॉम्प्युटरचं विचारावं तर हे घराचं काय विचारायलेत! पण पुढचं सगळं त्याच्यावरच ठरलं.

ग्राफिक्स कार्ड तुम्ही पहिल्याच फटक्यात उडवलं. रायझन 5 5600जी प्रोसेसर घे, 6 कोर आहेत, ग्राफिक्स आतच आहे, डब्यात कूलर पण येतो, वाचलेले पैसे माईकला अन इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) ठेव. रॅम 16 जीबी, ते पण 8-8 च्या दोन पट्ट्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅममधूनच खातं अन दोन पट्ट्या जोडीनं पळतात. 500 जीबीच्या एसएसडीवर मी कुरकुर केली तर तुम्ही फोनवरच हिशोब मांडला, 24 बिट 48 किलोहर्ट्झ क्वालिटीला एका माईकचे मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास, म्हणजे 8 तास गोंधळ चालला तरी 4 जीबीच्या थोडं वर. तेव्हा गप बसलो.

पण खरं काम झालं ते लेटन्सीचं, म्हणजे वाजवल्यावर आवाज कानात यायला जो उशीर होतो त्याचं. काका हेडफोन लावून संबळ वाजवायचे अन दोन मिनिटात काढून फेकायचे, "हे माझ्या मागं मागं वाजतंय, माझा हातच अडकायलाय" म्हणून. मला वाटलं प्रोसेसर कमी पडला, आता अजून दहा-पंधरा हजार गेले. तुम्ही सांगितलं आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात ने-आण करणारं सॉफ्टवेअर) टाक, बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढं पाठवतो तो) 128 सॅम्पलवर आण, म्हणजे 48 किलोहर्ट्झला तो एक बफर पावणेतीन मिलिसेकंदाच्या आतच बसतो, जाऊन-येऊन जास्त होतं पण हाताला टोचत नाही, अन त्याच्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटन दाब, मग आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो. मिक्सिंगला बसलो की बफर 1024 कर, तिथं उशीर झाला तर कुणाचं काय बिघडत नाही. एका बटनानं पंधरा हजार वाचले दादा! वायफायच्या ड्रायव्हरमुळं मधे मधे टिक टिक यायची, ते रेकॉर्डिंगपुरतं बंद करायचं हे पण तुमचंच.

आता घराचं. आमच्याकडं एप्रिल-मे मधे 42 च्या पुढं जातं, रेकॉर्डिंगला छताचा पंखा बंद, मग कॉम्प्युटरचाच पंखा घोंघावतो अन तुणतुण्याच्या मागं ते बरोबर ऐकू येतं. तुम्ही म्हणलात भिंती जाड आहेत ना, मग कॅबिनेट पलीकडच्या खोलीत ठेव, यूएसबी केबल 5 मीटरच्या आतच घे. दिवळीतून केबल ओढली, वाकळा टांगल्या, झाला स्टुडिओ. (आई अजून वाकळांवरून बोलती.) तरी घुंऽऽ असा एक आवाज राहिलाच होता, ते तुम्ही फोनवर ऐकूनच 50 हर्ट्झचा ओळखलात, वायरमनला बोलावून मीठ-कोळसा टाकून अर्थिंग नीट करायला लावलं, गेला.

सप्त्यांच्या सीझनमधे तुम्ही मिक्सरवर बसलेले असताना पण माझे फोन उचललेत. मागं टाळ-पखवाजाचा गजर चालू अन तुम्ही ओरडून सांगायलाव "फँटम बंद करून मग माईक काढ!" (फँटम म्हणजे केबलीतून माईकला जाणारा करंट.)

काकांनी सगळ्या देवांना आवतण देतात तो भाग तुमच्या नावानं वेगळा काढून ठेवायला सांगितलाय, पेन ड्राईव्हवर टाकलाय. नवरात्रात तुळजापूरला याल तेव्हा घरी यायचंच, जेवूनच जायचं. अन तुमची ती माईकची एक्सएलआर केबल अजून माझ्याकडंच आहे, तेवढी मागू नका, दुसरी घेऊन देतो.