नाना, तुम्ही 'तीव्र' खोडलंत

नाना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही देवपूरला मुलाकडे राहायला गेल्यापासून फोनवर बोलणं होतं. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "बरं, बरं" करून कांद्याचा भाव विचारता. म्हणून हे उघड पत्र. शेजारच्या गावांतल्या ग्रामपंचायत सदस्यांनीही वाचावं, कारण अशी दगडखाणीची फाईल त्यांच्याकडेही कधीतरी येणारच.

मासिक सभेचा तो दिवस. अजेंड्यावर दिवाबत्ती, पाणीपट्टीची वसुली आणि शेवटी नेहमीचे 'ऐनवेळचे विषय'. चहा झाला आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकला. नदीकाठच्या टेकाडावर दगडखाण आणि खडी क्रशर, ग्रामपंचायतीची हरकत नाही. खाली अनुमोदक म्हणून माझं नाव आधीच छापलेलं, फक्त सही बाकी. "घरी विचारून सांगते," म्हणून मी उठले. महिला राखीव जागेवर निवडून आलेली बाई आणि तोंडात हे वाक्य! आजही लाज वाटते. तुमच्या ओट्यावर येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "सही कोन करस? घरना का तू?"

सही केली नाही. विषय ग्रामसभेपुढे ठेवायचा ठरला.

मग मी रात्री बसून ठराव लिहिला. 'या विनाशकारी प्रकल्पास समस्त ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे.' मला तो फार जोरदार वाटला होता. तुम्ही पेन्सिलीनं आधी 'विनाशकारी' खोडलंत, मग 'तीव्र'. "नुस्तं 'विरोध शे' लिखीसन काय व्हई? कारन लिखा." उभी हयात ग्रामसेवक म्हणून दुसऱ्यांच्या गावांची दप्तरं सांभाळलेला माणूस तुम्ही. वर टेबलावर कुठला कागद बाजूला पडतो, ते तुम्हाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही, मी आणि फडाचा, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर एकत्र भिजणाऱ्या शेतांचा, पाटकरी टेप घेऊन टेकाडावर. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या न चढणारे तुम्ही, टेपचं टोक धरून काट्याकुट्यांतून बंधाऱ्यापर्यंत उतरलात. पांझरा नदीवरचे हे फड बंधारे तीनशे वर्षांहून जुने मानतात. दगड आणि चुन्याचं काम. मोटर नाही, पंप नाही. बंधाऱ्यातून पाट, पाटातून फड, आणि पाळी कुणाची ते पाटकरी सांगणार. वर सुरुंग उडाले तर त्या जोडाचं काय होईल, हे पाटकऱ्यानं एका सांध्यावर नुसतं बोट ठेवून दाखवलं. तिथून थोडं पाणी आधीच झिरपत होतं.

माहिती अधिकाराचा अर्जही तुम्हीच सांगितलात. दहा रुपयांचं तिकीट लावलं, तीस दिवस दम धरला, आणि क्रशरच्या अर्जासोबतचा नकाशा हातात आला. नकाशात बंधारा नव्हता! पाटही नव्हता. 'पडीक जमीन', बस्स. माझी सगळी विशेषणं एकीकडे आणि तो कोरा नकाशा एकीकडे.

पहिली ग्रामसभा तहकूब झाली. कापूस वेचणीचे दिवस, माणसं येणार कुठून? मी म्हटलं, बरं झालं, विषय टळला. तुम्ही चिडलात. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा लागतो. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की ती अटच राहत नाही. म्हणजे पुढच्या वेळी मूठभर माणसं बसवून हवं ते मंजूर करता येतं. हे कळल्यावर मी आणि सासूबाई दारोदार फिरलो. महिला सभेला इतक्या बाया आल्या की सतरंज्या कमी पडल्या.

एक मात्र लिहिते, रागावू नका. क्रशर मागणारा माणूस आम्हाला राक्षस वाटला नाही. सुरतला जाणारा हायवे खडीशिवाय होत नाही, आणि त्याच हायवेनं आमची पोरं कामाला जातात. पोरांना काम देतो म्हणाला, देवळाला सभामंडप देतो म्हणाला. ग्रामसभेत दोन-तीन तरुणांनी तेच विचारलं, आणि तुम्ही त्यांना पूर्ण बोलू दिलंत. ठरावात क्रशरच नको असं लिहिलं नाही. बंधारा, पाट, खालच्या विहिरी आणि कांद्याच्या पातीवर बसणारी धूळ एवढी कारणं देऊन, या गट नंबरच्या जमिनीत नको, असं लिहिलं. मोजलेलं अंतर आकड्यात. सूचक पाटकऱ्याची बायको, अनुमोदक मी. या वेळी नाव माझ्या हातानं लिहिलं.

ठरावाची प्रत तहसीलला दिली, पोच घेतली, तिची झेरॉक्स दप्तरात लावली. निकाल अजून यायचाय. पंचायतीचा ठराव म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे तुम्हीच बजावलं होतं, त्यामुळे फटाके वाजवले नाहीत.

तुमची ती पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. परत देणार नाही.

पुढच्या आठवड्यात पाटाची सफाई आहे. तुमच्या वाट्याचा माणूस कोण पाठवता ते पाटकरी विचारतोय. स्वतः आलात तर फावडं हातात देणार नाही. भरीत आणि कळण्याची भाकरी मात्र आमच्याकडेच.

तुमची,
वॉर्डातली सदस्य