नोबेल कशाबद्दल?

महोदय,

ओबामांना २००९ चे शांततेचे नोबेल जाहीर झाल्यापासून वाहिन्यांवर नुसती आरती चालू होती. माणूस बोलतो सुरेख, वादच नाही. पण अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली २० जानेवारी २००९ ला आणि नोबेलसाठी नावे सुचवायची मुदत १ फेब्रुवारी. या बारा दिवसांत त्यांनी कुठली शांतता आणली? दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांना ठेवणारा क्यूबातला अमेरिकी लष्कराचा ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश २२ जानेवारीलाच निघाला. तिथे कैदी अजून आहेत. १ डिसेंबरला अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक धाडायचे जाहीर केले आणि नवव्या दिवशी ऑस्लोत पदक स्वीकारले!

मी जुन्या वळणाचा. ओबामांच्या सरकारने कर्ज काढून ७८७ अब्ज डॉलर ओतले की मंदी हटते, हे मला पटत नाही. ते कर्ज पुढच्या पिढीच्याच माथी बसणार. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणारा माझा मुलगा मात्र ओबामाभक्त. फोनवर विषय काढला की म्हणतो, ‘‘बाबा, तुम्ही अजून बुशच्याच चष्म्यातून बघता.’’ असेलही. पण ओबामांच्या आधीचे अध्यक्ष बुश यांना खडसावून विचारले जाणारे प्रश्न ओबामांसमोर पत्रकारांच्या घशातच का अडकतात?

– एक वाचक, ठाणे