घमेल्यातला फोन

ती. आई-बाबांना सा. न.

शेजारच्या वहिनींनी बाबांच्या फोनचा व्हिडिओ पाठवला. टेबलावर ठेवून बोट लावलं की भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय, मागचं झाकण एका कडेने नखभर उघडलंय. बाबा, झाकण सैल झालेलं नाही, आतली बॅटरी फुगलीय. आणि तुम्ही म्हणे ती बसावी म्हणून रात्रभर वर वरवंटा ठेवलात! आत वायू साठलाय. दाबून वेष्टण फाटलं तर पेट घेईल. म्हणून तर फोन बंद करून परसात वाळूच्या घमेल्यात ठेवायला लावला, आणि म्हणूनच हे पत्र दादाच्या हाती.

'पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही' हा तुमचा नियम आपल्या जुन्या कॉर्डलेस फोनचा. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते, त्यांना तो चालायचा. तुमच्या मोबाइलमध्ये आहे ती १९९१मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी. तिचं उलट. तिला शून्यावर जाणं सोसत नाही. वीस-पंचवीस टक्के राहिले की लावा, ऐंशीच्या आसपास काढा. मध्येच काढला तरी काही बिघडत नाही. पण खिडकीच्या कट्ट्यावर दुपारच्या उन्हात, जाड कव्हरसकट नको. उष्णता तिला खाते.

आई, आता तुझं. कानाच्या मशीनचे सेल आठवडाभर टिकत नाहीत, दुकानदार जुना माल देतो म्हणालीस. मीही त्याला चार शब्द सुनावून आले. दिवाळीत तुझी डबी उघडली तर सहाच्या सहा सेलांच्या तपकिरी पट्ट्या काढून ठेवलेल्या! आदल्या रात्री मटकी भिजत घालावी तशी तुझी तयारी. अगं, हे झिंक-एअर सेल. पट्टीखाली सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. तिथून हवा आत गेली की सेल चालू होतो. मग मशीनमध्ये घाल नाहीतर डबीत ठेव, उतरतच जातो. पट्टी परत चिकटवूनही उपयोग नाही. एकेकच उघड, पट्टी काढून मिनिटभर तसाच ठेव, मग बसव. दुकानदाराची माफी मागायला मला जावं लागणार, ते वेगळंच.

शनिवारी येतेय. बॅटरी दुकानातूनच बदलून घेऊ. जुनी घंटागाडीत टाकायची नाही. आणि बाबा, कोणाकोणाचे फोन येऊन गेले ते बघायला पाच मिनिटंसुद्धा तो सुरू करू नका. माझेच असणार.

तुमची,
छोटी