उन्हाळाभर पाणी दाखवणाऱ्या काकूंना

ती. काकूंना, सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता, जेवलीस का विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे लिहून कळवते आहे, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. इटलीतल्या सिएनात राहून तुम्ही आपल्याकडच्या किती पोरापोरींना सांभाळलं असेल, ते एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं. निदान माझ्या वाट्याचं तरी कुठे नोंदलेलं असावं.

वास्तुकलेची पदवी झाली आणि साठवलेले पैसे घेऊन मी उन्हाळाभर इटलीतली जुनी गावं बघायला निघाले. माझ्या यादीत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसा, सगळं होतं. कुठे दोन रात्री, कुठे एक. तुम्ही ती यादी शांतपणे वाचलीत आणि म्हणालात, "एका गावात बिऱ्हाड कर. तिथून जाऊन येऊन कर." सिएनातच, फोंतेब्रांदाच्या उतारावर तुमच्याच ओळखीने खोली मिळाली. सामान लावून होतंय तोवर तुमची दुसरी सूचना आली: कुठल्याही गावात गेलीस की आधी विचार, इथलं पाणी कुठून यायचं. माणदेशात लहानपणी हंड्यामागे हंडा वाहिलेल्या बाईलाच हे सुचावं. त्या प्रश्नाने माझा सगळा उन्हाळा बदलला, आणि खरं सांगायचं तर पुढचं कामही.

सिएना तीन डोंगरधारांवर वसलेलं, आणि जवळ नदी नाही. मध्ययुगात तिथे सावकारी पेढ्या होत्या, लोकरीचा धंदा होता, शहर श्रीमंत होतं, पण पाण्याला महाग. डायाना नावाची नदी जमिनीखालून वाहते अशी तिथल्या लोकांची समजूत होती. ते तिचा शोध घेत राहिले आणि कवी दान्तेने त्यांची त्यावरून टिंगल केली. नदी सापडली नाही. मग त्यांनी वालुकाश्मात बोगदे खोदले, सुमारे २५ किलोमीटर! त्यांना तिथे बोत्तीनी म्हणतात. खडकातून झिरपणारं पाणी तळाशी कोरलेल्या बारीक पाटातून अगदी हलक्या उताराने शहरातल्या कारंज्यांपर्यंत येतं. आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं. ते फोन तुम्ही केलेत, तारीख मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा केलेत. वर रस्ता तापलेला आणि खाली माणूस जेमतेम उभा राहील एवढ्या बोगद्यात गार हवा. भिंतीवर टिकावाचे घाव अजून दिसतात. पदवीच्या सगळ्या वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिथे कळलं: या शहराचा अर्धा वास्तुविचार जमिनीखाली आहे.

तिथून वर आल्यावर शहराचा मुख्य चौक, पियाझ्झा देल काम्पो, मला वेगळाच दिसला. आधी मी त्याचे नऊ भाग, त्याचा शिंपल्यासारखा उतार, एवढंच बघितलं होतं. आता त्याच्या वरच्या अंगाला फोन्ते गाया हे कारंजं दिसलं. तिथे पाणी पोचलं १३४०च्या दशकात, आणि लगेच १३४८ची प्लेगची साथ आली. याकोपो देल्ला क्वेर्चाने त्यावरचं शिल्पकाम पूर्ण केलं १४१९ला. आज चौकात आहे ती एकोणिसाव्या शतकातली प्रतिकृती. मूळ शिल्पं सांता मारिया देल्ला स्काला इथे ठेवली आहेत, जिथे पूर्वी यात्रेकरूंचं रुग्णालय होतं. तुम्ही मला ती झिजलेली मूळ शिल्पं आधी बघायला लावलीत, ते फार बरं केलंत.

आणि फोंतेब्रांदाचं कारंजं! खोलीतून उतरलं की समोर. पहिल्या कुंडातलं पाणी पिण्याचं, ते भरून वाहिलं की जनावरांचं, त्याच्याही पुढचं धुण्याचं. मग उरलेलं कातडं कमावणाऱ्यांकडे आणि रंगाऱ्यांकडे. एकच पाणी, पायरीपायरीने वापरलेलं. १३४७ला जन्मलेली संत कॅथरीन याच वस्तीतल्या रंगाऱ्याची मुलगी, हे तुम्ही दर पाहुण्याला सांगता. शहराचे १७ कोन्त्रादे, म्हणजे जुने मोहल्ले, आहेत आणि प्रत्येकाचं आपलं छोटं कारंजं आहे. कोन्त्रादात जन्मलेल्या मुलाला त्याच पाण्याने आपल्यात घेतात. तुमच्या नातवालाही ओकाच्या, म्हणजे हंसाच्या कोन्त्रादात तसंच घेतलं, हे सांगताना तुमचा आवाज जसा झाला होता तो मी विसरणार नाही.

२ जुलैच्या पालिओच्या, म्हणजे कोन्त्राद्यांमधल्या घोड्यांच्या शर्यतीच्या, आदल्या रात्री भर रस्त्यात मांडलेल्या लांबच लांब टेबलांवर तुम्ही मला तुमच्या शेजारी बसवलंत. दुसऱ्या दिवशी घोड्याला देवळात नेऊन आशीर्वाद देताना पाद्री म्हणाले, जा आणि जिंकून ये. तेव्हा सगळी गल्ली श्वास रोखून उभी होती. शर्यत म्हणजे काम्पोला तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आतला खेळ. पण तुम्ही म्हणता तेच खरं, पालिओ वर्षभर चालतो. परक्या गावात कुणी आपल्याला अशा जेवणाला बोलावतं ही मोठी गोष्ट आहे, काकू.

ओर्व्हिएतोला तुम्ही स्वतः आलात. कियुसीला गाडी बदलायची, हे सुद्धा मी तुमच्यामुळेच शिकले. स्टेशन खाली, गाव उभ्या कड्यावर. वर न्यायला रुळांवरचा पाळणा आहे. १८८८ला तो सुरू झाला तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायचा, आता विजेवर चालतो. वर पोचलं की लगेच सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ला रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे पळून आला. वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून त्याने धाकट्या आंतोनियो दा सांगाल्लोकडून ती खोदून घेतली. खोली ५३ मीटर. एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एकाने खेचरं उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, समोरासमोर कुणी यायचं नाही. तळाशी गेल्यावर आपण दोघींना एकदमच आठवली ती लिंबची बारामोटेची विहीर. पायऱ्या उतरताना अंगावर येणारा तोच गारवा, वर पाहिलं की तोच उजेडाचा तुकडा. तिथे तुम्ही डोळे पुसलेत आणि मीही.

लुक्का, सान जिमिन्यानो, गुब्बिओ यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. ती गावं सुंदरच आहेत. पण दक्षिण इटलीतल्या मातेराबद्दल लिहायलाच हवं, कारण इतक्या लांब मी तुमच्या आग्रहाशिवाय गेले नसते. बारीहून छोट्या रुळांच्या गाडीने पोचले. खडकात कोरलेली घरं आणि प्रत्येकाखाली टाकं. छतावरचा पाऊस पन्हळींतून त्यात उतरायचा. मुख्य चौकाखालचं मोठं टाकं, पालोम्बारो लुंगो, सुमारे ५० लाख लिटर पाणी धरायचं. आतला गिलावा चुना आणि कुटलेल्या खापरांचा, म्हणजे आपली चुना-सुरखीच. हे सगळं असूनही घरांत माणसं आणि जनावरं एकत्र, हिवताप, बालमृत्यू. १९५२च्या कायद्याने सुमारे १५ हजार लोकांना तिथून हलवलं. १९९३पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. जुन्या घरांचं कौतुक करताना त्यांत कोण कसं राहिलं ते विसरू नकोस, हे तुम्ही जाण्यापूर्वीच बजावलं होतं. मातेरात ते अक्षरशः समोर दिसलं.

ऑगस्टात मला ताप आला तेव्हा दोन जिने चढून तुम्ही पेज आणून दिलीत. तिथल्या अळणी पावाबरोबर तुमची शेंगदाण्याची चटणी नसती तर मी कशी राहिले असते कोण जाणे. खोलीच्या भाड्याची कागदपत्रं तुम्ही ओळ न् ओळ वाचून समजावलीत. काकांनी मला नेआण करण्यात किती संध्याकाळी घालवल्या याचाही हिशेब माझ्याकडे आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

सध्या मी माण तालुक्यातले जुने आड आणि बारवा मोजून त्यांचे नकाशे काढते आहे. दोन मैत्रिणी सोबतीला आहेत. दहिवडीच्या आसपासच्या गावांचा पहिला नकाशा आजच टपालाने पाठवला. तुमच्या माहेरघरामागचा आड आता बुजलाय. तो नेमका कुठे होता आणि वाट कुठून होती, ते पेन्सिलीने दाखवून नकाशा परत पाठवा.

तुमची,
फोंतेब्रांदाची पाहुणी