नव्या फर्मवेअरनंतर टेप लायब्ररी कमांड लाइनला चुकीची माहिती देत असल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तक्रार न सोडवता बंद केलेले तिकीट पुन्हा उघडण्याबाबत

महोदय,

आमच्या ध्वनिमुद्रण संग्रहाचा रात्रीचा बॅकअप तुमच्या टेप लायब्ररीवर चालतो. त्या वेळी मशीनजवळ कोणी नसते. सर्व्हरवरची स्क्रिप्ट 'एमटीएक्स' या कमांड लाइनवरच्या प्रोग्रॅममार्फत हुकूम देते आणि रोबोट हव्या त्या स्लॉटमधली टेप ड्राइव्हमध्ये घालतो. माहितीपत्रकात 'प्रमाणित स्कझी मीडियम चेंजर' (म्हणजे ठरलेले स्कझी हुकूम पाळून टेप बदलणारे यंत्र) असे छापले होते, म्हणूनच आम्ही ही लायब्ररी घेतली. नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, टाकल्यापासून मात्र तिच्या उत्तरांवर भरवसा ठेवता येत नाही.

पहिला दोष असा. ड्राइव्हमध्ये टेप असताना लायब्ररी बंद करून चालू केली, की ती टेप कुठल्या स्लॉटमधून आली हे लायब्ररी विसरते. पूर्वी स्टेटस मागितल्यावर 'स्टोरेज एलिमेंट ७ लोडेड' (७ क्रमांकाच्या स्लॉटमधली टेप) असे दिसायचे, आता तिथे 'अननोन' येते. टेप परत कुठे ठेवायची हे स्क्रिप्टला कळत नाही आणि पुढची सगळी कामे सकाळपर्यंत अडून राहतात. जुन्या फर्मवेअरवर वीज गेली तरी असे कधी झाले नव्हते.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. आयात-निर्यात स्लॉटचे (बाहेरून टेप आत-बाहेर करायच्या जागेचे) दार उघडून टेप बदलली, की लायब्ररीने पुढच्या हुकमाला 'युनिट अटेन्शन' (आत काही बदलले आहे अशी सूचना) देऊन तसे कळवायला हवे. त्यासाठी २८/०१ हा ठरलेला कोड आहे. तो आता येतच नाही. वर बाहेर काढलेल्या टेपचा बारकोड त्या जागी तसाच दिसत राहतो. एकदा बॅकअप सॉफ्टवेअरने रिकामी टेप समजून जी टेप ड्राइव्हमध्ये घेतली, ती जुन्या मुलाखतींच्या मूळ ध्वनिमुद्रणांची निघाली. लिहिण्याआधी सॉफ्टवेअर टेपवरचे अंतर्गत लेबल वाचते, म्हणून ती टेप पुसली जाण्यापासून बचावली. त्या मुलाखती देणारे बरेच जण आज हयात नाहीत. ती टेप पुसली गेली असती, तर त्यांचे आवाज परत कुठून आणणार होतो?

'इन्व्हेंटरी' हुकूम दिला की बारकोड सुधारतात, हे तुमच्या अभियंत्याने सांगितले आणि ते खरे आहे. पण त्या हुकमाने रोबोट सगळे स्लॉट नव्याने तपासत बसतो आणि तोवर बाकी कामे थांबतात. शिवाय दार कधी उघडले हेच कळत नसेल, तर तो हुकूम द्यायचा तरी केव्हा?

तिकीट बंद करताना दिलेले कारण असे: "एमटीएक्स हे आमचे सॉफ्टवेअर नाही, कृपया ब्राउझरमधील पॅनेल वापरावे." हे आम्हाला मान्य नाही. एमटीएक्स बाजूला ठेवून आम्ही 'एसजी-रॉ' या स्कझी हुकूम पाठवणाऱ्या साधनाने 'रीड एलिमेंट स्टेटस' हा, कुठल्या जागी कोणती टेप आहे ते विचारणारा मूळ हुकूम थेट लायब्ररीला पाठवून पाहिला. टेप ज्या स्लॉटमधून आली तो मूळ पत्ता ग्राह्य आहे की नाही हे सांगणारा 'एस-व्हॅलिड' बिट उत्तरात शून्य येतो. म्हणजे दोष लायब्ररीच्या उत्तरात आहे, ते वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्या उत्तराची जशीच्या तशी प्रत तिकिटाला जोडलेली आहे, पण ती कोणी उघडून पाहिल्याचे तुमच्या उत्तरावरून दिसत नाही. ब्राउझरच्या पॅनेलमध्ये बटण दाबायला माणूस लागतो. रात्रभर माणूस बसवायचा असता, तर रोबोट असलेली लायब्ररी घेतलीच नसती.

तरी आमच्या मागण्या लेखी नोंदवत आहे. तिकीट पुन्हा उघडून ते थेट फर्मवेअर लिहिणाऱ्यांकडे द्यावे. दुरुस्ती होईपर्यंत जुने फर्मवेअर परत टाकण्याची फाइल आणि परवानगी द्यावी. सध्या मशीन जुनी आवृत्ती स्वीकारत नाही. जुनी आवृत्ती टाकल्याने वॉरंटीला बाधा येणार नाही, हेही लेखी कळवावे. आणि हे दोष ज्ञात दोषांच्या यादीत छापावेत, म्हणजे हीच लायब्ररी वापरणारे इतर ग्राहक नवे फर्मवेअर टाकण्याआधी थांबतील.

चाचणीसाठी आमची लायब्ररी दिवसा उपलब्ध करून देऊ. तुमच्या अभियंत्याला लागतील ते लॉग त्याच दिवशी पाठवू. दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपली,
बॅकअप प्रशासक,
ध्वनिमुद्रण संग्रह विभाग