विषय पॅसाडेनाचा, पण मूळ दमोहचं

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ‘आंतरसांस्कृतिक अध्ययन’ या अभ्यासक्रमावर, म्हणजे ख्रिस्ती धर्म दुसऱ्या संस्कृतींत कसा पोहोचतो याच्या अभ्यासावर, लेख आला होता. हा विषय नवा आहे आणि तिकडचाच आहे, असा एकूण सूर दिसला. मी नगरचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. लेख वाचून गप्प बसवेना.

मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना पॅसाडेनाची फुलर सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था, पाहून आलो. रस्त्याला नीलमोहोर फुलला होता, फुटपाथवर निळा सडा. रेडिओवरून प्रवचनं करणाऱ्या चार्ल्स फुलर यांच्या पुढाकाराने १९४७ साली ही संस्था निघाली. तिथे १९६५ मध्ये ‘स्कूल ऑफ वर्ल्ड मिशन’ सुरू झालं आणि २००३ मध्ये त्याचं नाव ‘स्कूल ऑफ इंटरकल्चरल स्टडीज’ असं झालं. पदवीच्या कागदावर ‘मिशन’ शब्द असला की काही देशांत माणसाला दारातच अडवतात, ही त्यामागची व्यवहारी अडचण. मला नवल वाटलं नाही. अर्ज भरताना नाव जरा बदलून लिहिणारे आमच्यातही आहेत.

या स्कूलचे पहिले डीन डोनाल्ड मॅकगॅव्हरन. जन्म १८९७ चा, दमोहचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला. आईवडील मिशनरी, आणि हेही पुढे हरदा, जबलपूर असे फिरले. १९३०च्या दशकात मध्य भारतातल्या मिशनांची आकडेवारी त्यांच्यासमोर आली. १४५ ठिकाणांपैकी १३४ ठिकाणी मंडळी, म्हणजे चर्चची सभासदसंख्या, जवळजवळ जागच्या जागी, आणि उरलेल्या अकरा ठिकाणी दहा वर्षांत दुप्पट किंवा त्याहून जास्त. असं का, हा प्रश्न त्यांना चिकटला तो कायमचा. बिलासपूरकडच्या तखतपूर भागात सतनामी या दलित समाजात त्यांनी सतरा वर्षं काढली. सगळा समाज एकदम ख्रिस्ती होईल ही त्यांची आशा काही फळली नाही. मग १९६१ मध्ये ओरेगनमधल्या एका लहान कॉलेजात, ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात त्यांनी वर्ग सुरू केला. पहिला विद्यार्थी एकच! चार वर्षांनी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तेच बिऱ्हाड पॅसाडेनाला हललं.

त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की जातीची, भाषेची, वर्गाची वेस ओलांडावी लागली नाही तर माणसं ख्रिस्ती व्हायला लवकर तयार होतात. निरीक्षण खोटं नाही. माझे आजोबा एकटे आले नाहीत, भावकीसकट आले. पण निरीक्षणाचं धोरण झालं की काय होतं, ते आमच्या घरच्या फोनवर ऐकू येतं. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाच्या काकांनी मंडळी विचारली, पाळकांचं नाव विचारलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “म्हणजे, आधीचे कोण?” बाप्तिस्म्याला शंभर वर्षं होत आली, तरी हा प्रश्न! पॅसाडेनात वेशीचा सिद्धांत झाला, आमच्याकडे वेस अजून तिथेच आहे. मॅकगॅव्हरन यांच्यावर या मुद्द्यावरून पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तच होती, असं माझं मत.

त्याच स्कूलमध्ये १९७७ पासून शिकवणारे पॉल हीबर्ट मला जास्त जवळचे वाटतात. तेही भारतात वाढलेले, मिशनऱ्यांचे चिरंजीव, शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ. तेलंगणातल्या एका गावाची गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. गावात देवीची साथ आली. (आपण त्या रोगालाच देवी म्हणतो, यातच सगळं आलं.) बळीसाठी वर्गणी निघाली, ख्रिस्ती घरांनी ती द्यायला नकार दिला आणि गाव त्यांच्यावर उलटलं. हीबर्ट यांनी प्रांजळपणे लिहिलं, की आपल्याला वर देव शिकवला आणि खाली विज्ञान शिकवलं, मधला मजला शिकवलाच नाही. भूत, नजर, शाप यांना काय उत्तर द्यायचं, ते ठाऊक नव्हतं.

माझ्या आईला तो मधला मजला पक्का माहीत होता. दर रविवारी चर्चला जाणारी बाई. धाकटा किरकिर करायला लागला की मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. मिरचीचा ठसका आला नाही, तर “बघा, लागली होती” म्हणायची. मग हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन त्याच चुलीपुढे गुडघे टेकून ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायची. पाळकसाहेबांना हे माहीत होतं, पण ते काही बोलत नसत.

मुद्दा इतकाच, की प्रश्न विचारणाऱ्यांची नावं आज अभ्यासक्रमात आहेत, आणि ज्यांनी उत्तरं दिली त्या सतनामी आणि तेलुगू माणसांची नाहीत. हा विषय तिकडून इकडे आलेला नाही, इकडून तिकडे गेला आहे. एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर